लव्हाळाची हातभर माती

१८ मे १९९५

आकाराम,

पत्राच्या डोक्यावर आशीर्वाद लिवायचा असतो. ह्या वक्ताला म्या त्यो गाळला. तुजं कपाळ आता बरं असंल. दोन वर्सं झाली म्हंजे खोक भरून वण निब्बर झाला असंल, दाढी करताना दिसत असंल. दिसू दे. माज्या पोराच्या, अर्जुनाच्या तेराव्याला, पंगत उठायच्या आत, तू हक्कसोडीचा कागद माज्या म्होरं धरलास नि म्हणालास, "आक्का, एवढी सही कर, पाचगणीचं गिऱ्हाईक थांबलंय." माज्या हातात भरला तांब्या हुता. त्यो तुज्या कपाळात घातला. कोयता असता तर कोयता घातला असता.

भैनींनी हक्क सोडायचा, साडीचोळी घ्यायची नि गप सासरी जायचं, ह्ये वाडीत समद्यांनी केलंय. मी का करावं? नवरा मेल्यावर पोरगं पोटाशी धरून मी हितं आले नि आबांच्या बरोबरीनं लव्हाळाच्या रानात राबले. तू पलटणीत हुतास. पलटणीतनं सुटलास तर इस्लामपुराला सासऱ्याच्या उसात घरजावई होऊन बसलास. आबांनी निम्मं रान माज्या नावानं केलं त्ये उगा न्हाई केलं.

कामाचं लिवते. लव्हाळातनं पाणी भाईर काढायला आबांनी जे चर खणलं हुतं, ते मी बुजवणार हाय. इचारत न्हाई, कळवतीय.

तू बारका हुतास, तुला आठवत नसंल. चर काढायच्या आदी तिथं बारमाही पाणी हुतं नि डोक्याएवढी लव्हाळी. आबांनी पाणी खालच्या तळ्यात सोडलं, तवा खालनं काळी, हलकी, भुसभुशीत माती निघाली. बटाटा असा आला की मेढ्याचं लोक बगायला आलं. मंग दरसाली रान खाली बसत गेलं. माती वाळून भुगा झाली नि उन्हाळ्यात आतनं पेटाय लागली. वर गवत, खाली निखारा. वाडीला त्याचं काय न्हाई वाटलं. दर साली धुमसतंय, पाऊस आला की इझतंय, असं म्हणायचं नि बिडी वडायची.

अर्जुना बैलामागं पळाला नि त्याच्या पायाखालची भुई खचली. मांडीपत्तोर निखाऱ्यात गेला. मी नि धुळा धनगर, दोघांनी काखेत हात घालून वडला त्याला. पाय वर आलं, पण पायाचं कातडं नि बोटं खालीच ऱ्हायली. चौथ्या दिवशी साताऱ्याला दवाखान्यात त्यानं जीव सोडला. तू आलास त्ये थेट माहुलीला, राख सोडायला. त्याचं वरडणं तू ऐकलं न्हाईस. मी ऐकलं. अजून ऐकतीय.

तवापासनं मला त्या रानाला ठार मारायचं हाय. जमिनीला कसं मारायचं ह्ये मला कळत न्हवतं. मंग वाईच्या ज्ञानदाबाई आल्या. मातीतलं शिकलेली पोरगी हाय, कॉलेजातनं येती, माज्या ओसरीवर जेवती. ती म्हणाली, "मावशी, ही माती म्हणजे शेकडो वर्षं पाण्याखाली कुजलेली लव्हाळीच आहे. पाण्यात होती तोवर शांत होती. तिला परत पाण्यात ठेवलं की ती पेटणार नाही." म्या म्हणलं, बुडवून टाक बाई, नाकातोंडात पाणी जाऊ दे तिच्या. ती हसली न्हाई. तिनं एक बारकी गोष्ट आदी करायला सांगितली. ती म्या केली न्हाई. ती काय, त्ये तुला कळायची गरज न्हाई.

आक्का

१ सप्टेंबर १९९५

आकाराम,

दोन वर्सांत तुजं पयलं पत्र, नि त्यात काय, तर "निम्मं रान माझं आहे, बांध फोड." पलटणीत हुकूम सोडायची सवय लागलीय, ती तुज्या सासऱ्याच्या सालगड्यांवर चालव. माज्यावर चालायची न्हाई.

बांध फोडणार न्हाई. बगून तर जा काय झालंय त्ये. धुळानं नि म्या लाकडं ठोकून, माती चेपून चराची समदी तोंडं बंद केली. पयल्या जोराच्या पावसाला पाणी चढाय लागलं. एका कोपऱ्यात अजून धुमसत हुतं, तिथं पाणी शिरलं तवा रान फुसफुसलं, वाफ आली. मी काठावर हुबी राहून बगितलं. शिव्या दिल्या त्याला, तुला येत नसतील अशा. धुळा म्हणला, "आक्का, आता घरला चला, भिजलाय." मी हलले न्हाई. समदं इझल्यावर घरी आले नि दोन वर्सांत पयल्यांदा पोटभर जेवले.

तू लिवलंस की भावकीतल्या भाऊसोनं तुला कळवलं, पाणी खराब झालंय म्हणून. भाऊसोचं मला सांगू नगो. चुलता मेल्यापासनं वाडीची कारभारकी त्याच्या अंगात शिरलीय. पण पाण्याचा रंग बदललाय, ह्ये खरं हाय. खोटं मी बोलत न्हाई. लव्हाळातनं झिरपून तळ्यात जातंय त्ये पाणी कोऱ्या च्यागत दिसतंय.

ज्ञानदानं रानात नळ्या रोवल्यात. नळीच्या बुडाला भाजलेल्या मातीचं झिरपतं बोंड असतं, त्यातनं ती मातीतलं पाणी वडून बाटलीत घेती. मातीतलं म्हंजे वर साचलेलं न्हवं, मातीच्या कणाकणात मुरलेलं. त्यो बाटल्यांचा पेटारा घिऊन जाती नि परत येती ती तोंड पाडून. मला तिनं समजावलं. पाणी साचलं की नत्र हवेत उडून जातं, त्ये बरंच. पण आबांनी नि आपण तीस वर्सं बटाट्याला सुपर फॉस्फेटची पोती वतली, शेणखत वतलं. त्यो स्फुरद वरच्या हातभर मातीत बसलाय. सुकी माती असती तवा मातीतलं लोखंड त्याला मुठीत धरून बसतं. पाण्याखाली हवा तुटली की लोखंडाची मूठ सुटती नि स्फुरद पाण्यात उतरतो, पाण्याबरोबर तळ्यात जातो. "आणि तळ्यात शेवाळाला तेच हवं असतं, मावशी."

आता तू इचारशीलच, म्हणून सांगून टाकते. चर बुजवायच्या आदी ही वरची हातभर माती खरवडून रानाभाईर न्यायची, ही ती बारकी गोष्ट. मशीन आणायची तयारी हुती तिची. म्या न्हाई म्हणलं. ती म्हणाली, मंग यंदा थांबू, पुढल्या साली बगू. म्या तेबी न्हाई ऐकलं. ती वाईला गेली तवा धुळाला घिऊन बांध घातला.

का न्हाई म्हणलं, ह्ये तिलाबी सांगितलं न्हाई नि तुलाबी सांगत न्हाई. माजी माती हाय. तुजी निम्मी असंल तर तुज्या निम्म्याला धरून ठेव, माजं सोड.

आक्का

३० ऑक्टोबर १९९५

आकाराम,

भाऊबिजेला चांदाला ओवाळलं. भाऊ नसलेल्या बायका ओवाळत्यात तसं. हरणाबाई, भाऊसोची बायकू, आपल्या अंगणातनं बगत हुती. ती काय बोलली न्हाई. बोलली असती तर बरं झालं असतं.

तळं हिरवं झालंय. शेवाळ धरतं तसं न्हवं, कुणी हिरव्या रंगाचा डबा वतावा तसं. वर साय येती, साईला घाण मारती. दिवाळीच्या तोंडाला भाऊसोच्या दोन म्हशी तिथं पाणी प्याल्या. दोन्ही गाभण. तळ्याच्या काठालाच पाय झाडाय लागल्या, तोंडातनं फेस, डोळं पांढरं. एक तिथंच पडली. दुसरी गोठ्यापत्तोर आली नि दावणीला डोकं आपटून आपटून मेली. भाऊसोनं तिचं डोकं मांडीवर घेतलं हुतं, ह्ये वाडीनं बगितलं. त्याचं दुःख मला कळत न्हाई असं न्हाई. पण त्यानं पुढं जे केलं, ते मी इसरणार न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो धाबारा गडी घिऊन लव्हाळावर आला. धुळा मेंढरं घिऊन हुता तिथं. ज्ञानदा नळ्यातलं पाणी काढत हुती. आदी त्यांनी धुळाला धरला. बांध कुणी घातला म्हणून इचारलं, त्यो म्हणला, म्या घातला. आक्काचं नाव त्यानं घेतलं न्हाई. त्याचा हात बांधाच्या लाकडावर ठेवला नि दगडानं ठेचला. ज्ञानदा मधी पडली तर भाऊसोनं तिच्या मुस्काटात दिली, पोरगी चिखलात पडली, चष्मा फुटला. मंग नळ्या उपटून उपटून मोडल्या.

मी वैरण कापत हुते. वरडणं ऐकलं नि हातात कोयता हुता तसाच घिऊन पळाले. सरळ भाऊसोच्या खांद्यावर घातला. हाडावर बसला, कोयता निघंना. त्याचं रगत माज्या तोंडावर उडालं तवा बाकीचं गडी पळालं. कोयता हिसकून काढला नि परत उगारला, तवा ज्ञानदानं माजं पाय धरलं. "मावशी, नको, मावशी, नको." तिच्यामुळं भाऊसो वाचला. न्हाईतर आज मी साताऱ्याच्या जेलात असते नि तू इस्लामपुरात पेढं वाटलं असतंस.

मेढ्याला पोलिसात दोन्हीकडनं तक्रार झाली. फौजदार म्हणला, भावकीतलं हाय, मिटवा. मिटत असतंय व्हय असलं. धुळाच्या हाताची तीन बोटं आता वळत न्हाईत. त्यो मेंढरं घिऊन खाली म्हसवडकडं निघून गेला. जाताना म्हणला, "आक्का, माती देऊन टाका वं, एवढं काय हाय तीत." म्या त्याला सांगितलं काय हाय त्ये. त्यानं मान खाली घातली नि गेला.

भाऊसोनं तुला बोलावणं धाडलंय, ह्ये मला कळलंय. रान तुज्याबी नावावर हाय, तू हुबा राहिलास तर बांध फोडायला कुणी आडवणार न्हाई, असा त्याचा बेत हाय. ये. कोयता धुवून, धार लावून कुडाला अडकवलाय. भाऊ म्हणून मागं बगणार न्हाई.

आक्का

१४ मार्च १९९६

आकाराम,

डाव्या हातानं लिवतीय. अक्षर बगून हसू नगो. उजव्या खांद्याजवळचं हाड तू मोडलंस त्ये अजून जुळलं न्हाई.

तू तिथंच हुतास, तुला काय सांगायचं, असं वाटलं. पण फौजदाराला जो जबाब दिला त्योच तुला लिवते, म्हंजे कुणाच्या तोंडनं दुसरं काय ऐकलंस तर तुला खरं म्हाईत असावं.

होळीच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही आला. भाऊसो, त्याचं गडी नि तू. तुज्या हातात पहार हुती. मी बांधावर बसले हुते. कोयता आणला न्हवता. आणणार हुते, कुडावरनं काढलाबी हुता. पण तू वाटंनं वर येताना दिसलास, आबांगत एक खांदा पाडून चालतोस अजून, नि म्या त्यो खाली ठेवला. ह्ये जबाबात न्हाई दिलं.

तू म्हणालास, "आक्का, हो बाजूला." म्या न्हाई म्हणलं. तू माज्या पायाजवळ पहार घातलीस. बांधाची माती निघाली, पाणी सुटलं. काळं, वास मारणारं पाणी. म्या पहारीला मिठी मारली. तू दोनदा झिंजाडलंस, मी सोडली न्हाई. तिसऱ्यांदा तू पहार वडून घेतलीस नि आडवी घातलीस. हाड मोडल्याचा आवाज मला आला, तसा तुलाबी आला. तुज्या तोंडावरनं कळलं मला.

मी चिखलात पडले. भाऊसो म्हणला, "अजून एक दे, अजून मरंना ती," नि तुज्या हातातली पहार घ्यायला लागला. तू दिली न्हाईस. तवा त्यानं दगड उचलला नि माज्या डोक्याशी आला. तवा म्या तुला सांगितलं, जे धुळा सोडून कुणाला सांगितलं न्हवतं. म्या म्हणलं, "आकाराम, अर्जुनाच्या पायाची बोटं ह्या मातीत हायत. खड्डा बुजलाय, कुटं हुता त्ये मलाबी सापडत न्हाई. म्हणून समदी ठेवली. मारायची तर मार, पण त्याच्यावर पाय देऊ नगो."

मंग तू भाऊसोला मारलंस. एकदा न्हाई. त्यो पडल्यावरबी मारलंस. गड्यांनी वडलं तवा त्यांनाबी मारलंस. तू रडत हुतास नि मारत हुतास. पलटणीत तुमी लोकांचं तुकडं गोळा केल्यात असं आबा सांगायचं, पण तू कवा काय बोलला न्हाईस. भाऊसोचा डावा डोळा गेला. त्यो साताऱ्याला दवाखान्यात हाय.

फौजदारानं इचारलं, बाई, भावावर तक्रार हाय का? म्या सांगितलं, मला आकारामनं मारलं, नि भाऊसोलाबी आकारामनंच मारलं, दोन्ही खरं हाय, दोन्ही लिवा. भाऊ म्हणून मी गय केली न्हाई. तू जामिनावर सुटलास, बरं झालं. खटला चालंल तवा हेच सांगणार.

समदं पाणी एका दमात तळ्यात गेलं. लव्हाळ उघडं पडलंय. ज्ञानदा वाईहून आली, माजं हाड बगून रडली, मंग रानात गेली. म्हणाली, असं उघडं राहिलं तर मे महिन्यात परत पेटणार, आणि लगेच बांध घातला तर परत तेच पाणी तळ्यात उतरणार. माती खरवडायची असली तर आता, पाऊस यायच्या आत. दोघांच्या सह्या लागतील. म्या तिला सांगितलं, न्हाई. पेटू दे. पण माती न्हाई द्यायची.

आक्का

२८ एप्रिल १९९६

आकाराम,

काल हरणाबाई आली हुती.

मला वाटलं, नवऱ्याचा डोळा गेला, आता ही माज्या दारात येऊन तळतळाट देणार. म्या दाराला आतनं कडी घातली. ती भाईर हुबी राहिली. बोलंना, जाईना. शेवटाला म्याच दार उघडलं. तिच्या डोक्यावर घागर हुती. तळ्याकाठच्या विहिरीतनं भरून आणलेली.

तिनं घागर उंबऱ्यावर उतरवली. पदरानं हात पुसलं. नि म्हणली, "बने, तुजं घर वरल्या अंगाला. तुजा झरा लव्हाळाच्या वर. तू ह्ये पाणी कवा पिलीस का?"

म्या म्हणलं, न्हाई.

"आमी पितोय. पावसाळ्यापासनं पितोय. गाळून, उकळून, नाक दाबून पितोय. शाळेच्या मास्तरांनी जीपनं पाणी आणलं तवा चार दिस सुटका झाली, मंग परत हेच. पोरांची पोटं बिघडली, म्हातारी माणसं झोपून हायत. म्या कवा तुज्या दारात आले न्हाई. का, तर पोर गेलेली बाई हाय, तिला काय बोलायचं."



"परवा दवाखान्यात आमच्या ह्यांनी सांगितलं, तू चिखलात पडून काय म्हणालीस त्ये. पोराची बोटं त्या मातीत हायत म्हणालीस." मंग ती घागरीकडं बगाय लागली. "बने, तुजी ती शिकलेली पोरगी समद्या वाडीला सांगत हिंडती, मातीत जे हाय त्ये पाण्यात उतरतंय म्हणून. मंग इतकं दिस आमी काय पितोय, सांग. तुजा अर्जुना म्हशींनी पिला, आमी पिलो. तू कुणाला धरून बसलीस?"

ती घागर तिथंच ठेवून गेली.

आकाराम, म्या त्या हरणाबाईला माराय पाहिजे हुतं. भाऊसोला कोयता घातला म्या, एवढं बोललं कुणी तर मी कोयता काढते. पण हात उचललाच न्हाई. मी घागरीशेजारी बसले. त्या पाण्यात बोट घातलं नि काढलं. लय वेळ बसले. मला वाटत हुतं, म्या त्याला जपून ठेवलाय. हितं माज्या नजरंसमोर, माज्या रानात. नि त्यो कवाच गेला हुता. मीच पाणी चढवलं नि मीच त्याला सोडला. माती ऱ्हायली, त्यो ऱ्हायला न्हाई. न्हाईतर थोडा ऱ्हायला असंल. किती, ह्ये ज्ञानदाच्या नळीलाबी कळायचं न्हाई.

लय रडले. तुला लिवते कारण दुसरं कुणाला लिवू? तूच हाड मोडलंस, तूच भाऊ हायस.

आज सकाळी ज्ञानदाला निरोप धाडला. मशीन आण म्हणलं. सहीचा कागद ती तुज्याकडं घिऊन येईल. हक्कसोडीचा न्हवं, माती काढायचा. त्यावर सही कर. ह्यात मी हुकूम सोडत न्हाई, मागतीय. आक्का तुज्याकडं कवा काय मागाय आली न्हाई, ह्ये तुला ठावं हाय.

एक इचारायचं हाय. ज्ञानदा म्हणती, काढलेली माती कुटं टाकायची ह्ये ठरवा, वढ्याकाठी टाकली तर परत पाण्यातच जाईल. ती म्हणती, इस्लामपूर पट्ट्यातली रानं पाणी पाजून पाजून मीठ फुटून पांढरी पडल्यात, तसल्या रानाला ही काळी कुजकी माती नि त्यातला स्फुरद लय चांगला. तुज्या सासऱ्याच्या रानाचं मागं आयकलं हुतं, ऊस हातभर वाढतो नि पिवळा पडतो म्हणून. खरं का?

उत्तर लवकर दे. भुई तापाय लागलीय.

आक्का

२४ मे १९९६

चि. आकाराम यास, अनेक आशीर्वाद.

ह्ये पत्र पोस्टानं येत न्हाई. पयल्या ट्रकाच्या ड्रायव्हरच्या हातात देतीय. त्याला सांगितलंय, माती उतरायच्या आदी पत्र द्यायचं.

तुजी सही आली नि त्याखाली तू जे लिवलंस, "आक्का, सगळी माती माझ्याकडं पाठव, एक पाटी पण दुसरीकडं जाऊ देऊ नको," त्ये म्या किती बारीनं वाचलं त्ये सांगत न्हाई. घरजावई म्हणून तुला जे जे बोलले त्यातलं निम्मं मागं घेते. निम्मं ठेवते, तू सुधरावास म्हणून.

मशीन आलं तवा मी बगायची न्हाई असं ठरवलं हुतं. मंग भाईर आलेच. पयली हातभर माती निघाली, खाली तांबूस भुई लागली, लव्हाळीच्या जुन्या मुळ्या अजून तशाच. ज्ञानदा म्हणती, ह्याच मुळ्या परत फुटतील. एका कोपऱ्यात मशीनच्या पात्याखाली धूर निघाला. आतनं पेटाय लागलं हुतं. आठ दिस उशीर झाला असता तर हातातनं गेलं असतं. मशीनवाल्यानं तेवढ्यावर पाणी मारलं नि पुढं गेला. म्या पाटी घेतली, डाव्या हातानं जेवढी भरली तेवढी भरली. मला बगून वाडीच्या दोन-तीन बायका आल्या. हरणाबाई आली. ती माज्याशी बोलली न्हाई, मी तिच्याशी बोलले न्हाई. पण पाटी उचलायला एक बाजू तिनं धरली. भाऊसो घरातनं भाईर येत न्हाई. त्याचं नि आपलं ह्या जलमी मिटायचं न्हाई, त्ये मिटायसारखं न्हाईच.

माती चाळून बगू का, असं मनात आलं हुतं. हाड हाताला लागलं तर माहुलीला न्यावं. मंग सोडून दिलं. काय लागलं असतं तर परत ठेवून घेतलं असतं म्या.

रान रिकामं झालं की पाऊस यायच्या आत बांध घालणार. पाणी हळू चढवायचं, ज्ञानदाच्या सांगण्यानं, माज्या रागानं न्हाई. तिनं नव्या नळ्या आणल्यात. बाटली भरली की आदी तळ्याकाठच्या बायकांना दाखवायची, मंग पेटाऱ्यात, असं तिला बजावलंय.

आता तुजं काम ऐक. ट्रक रिकामा करणाऱ्या गड्यांना सांग, त्या मातीवर पायताण घालून चढू नगा. का, त्ये सांगायची गरज न्हाई, मुकादमाचा हुकूम म्हण. वढ्याच्या अंगाला टाकू नगो, मधल्या रानात पसर. पयलं पाणी बेतानं दे, तुज्या सासऱ्यागत पाट फोडून सोडू नगो, न्हाईतर त्यो तिथनंबी वाहून जाईल.

नि त्यात जो ऊस येईल, त्यो कारखान्याला घालू नगो. तिथं गावच्या उसात मिसळून जाईल. तो गुऱ्हाळात घाल, तू स्वतः उभा ऱ्हा, नि गुळाची एक ढेप घिऊन ये. कुणाच्या हातानं धाडू नगो. म्हशी प्याल्या, वाडी प्याली, आता तुज्या घरातलीबी खातील. त्याच्या आईच्या वाट्याला तेवढा यायचा राहिलाय.

बनाक्का